नकुशी शून्य लिहीत नाही

पोपटच्या लेकीचं पहिलं पत्र मीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळं ती नेमकं काय काम करते हे न्हावऱ्यात सगळ्यांत आधी मला कळलं. पुढं पोपटनं ते काम कितीदा वाढवून सांगितलं, हेही मीच सांगू शकतो. चार वेळा.

पत्रात साधं लिहिलं होतं. मुंबईजवळ समुद्रकाठी सरकारचं अणुकेंद्र आहे. तिथल्या कामातनं निघालेला किरणोत्सारी कचरा काँक्रीटच्या हौदांत बंद करून जमिनीत पुरतात. त्या जागेभोवती बोअर घेतलेले आहेत. त्यांचं पाणी काढायचं, आटवायचं, खाली राहील ते यंत्राखाली धरायचं आणि आकडा तारीख-वेळेसकट वहीत लिहायचा. ‘आण्णा, तुम्ही गावाला पाणी सोडता, मी पाणी तपासते. धंदा एकच,’ असा शेवट होता.

पोपट ग्रामपंचायतीचा पाणीवाला. सकाळी सहाला व्हॉल्व्ह फिरवणार, टाकीत ब्लिचिंग पावडर टाकणार. किती टाकली विचारलं तर म्हणणार, “अंदाजानं.” त्याच्या अंदाजानं कधी गावाला वास येई, कधी जुलाब होत. अशा माणसाच्या पोटी पाणी थेंबाथेंबानं मोजणारी पोरगी निघाली, याचं मला राहून राहून कौतुक वाटे.

पोरीचं नाव नकुशी. तिसरी मुलगी, म्हणून पोपटच्या आईनं ठेवलेलं. दहावीचा फॉर्म भरताना गुरुजी म्हणाले, “बदल की नाव, माझ्या हातात आहे.” ही म्हणाली, “ऱ्हाऊ द्या गुरुजी. ज्यांना नको व्हते, त्यांना रोज हाक मारावी लागती.” शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, तेही एसटीच्या पासावर, तीन वर्षांत एकदाही नापास न होता.

तर पोपटचं वाढवणं. पहिल्या वर्षी तो पारावर म्हणायचा, “ल्येक सरकारी लॅबमदी हाय.” हे खरं होतं. दुसऱ्या वर्षी लॅब गेली आणि ‘अणूचं खातं’ आलं. मग अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले, गावोगाव पेढे वाटले गेले, आणि पोपट तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कांदे निवडता निवडता म्हणाला, “ते जे उडवलं ना, त्याचा हिशेब आमच्या नकुशीकडं असतो.” दिवाळीत शिरूरच्या स्टँडवर चौथी पायरी झाली. “बाँबची राख आमची पोरगी सोताच्या हातानं पुरती.” त्या दिवसापासनं एसटीत त्याला उभं राहावं लागलं नाही. कंडक्टरसुद्धा ‘पोपटराव’ म्हणू लागला.

पण शिरूर-दौंड गाडी न्हावऱ्यावरनंच जाते, आणि गाडीत माणसांबरोबर बोलणंही जातं. हे पोपटच्या ध्यानात आलं नाही.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत दौंडचं स्थळ आलं. मुलगा सुगत, रेल्वेत, सिग्नल खात्यात. आईबाप लहानपणीच गेलेले. बापाच्या आईनं, धुरपदाबाईनं सांभाळला, जालिंदर मामानं शिकवला. फोटो पसंत, पत्रिकेचा आमच्या समाजात प्रश्नच नाही, मुलगा-मुलगी एकदा पुण्यात भेटून चहा पिऊन आलेली, आणि तो चहा दीड तास चालला होता, असं भागुबाईनं, म्हणजे नकुशीच्या आईनं, मला कानात सांगितलं. राहिली होती बैठक. बैठकीत दोन्हीकडची मंडळी बसून कोणी काय करायचं ते ठरवतात, त्याची यादी लिहितात आणि सह्या होतात. सह्या झाल्या की लग्न ठरलं. अक्षर बरं, म्हणून यादी लिहायला मला बोलावतात.

रविवारी जीपमधनं नऊ माणसं उतरली. पोपटच्या घरी कप सात. दोन माझ्या घरनं गेले. ‘जय भीम’ झाला, पाणी झालं, पोहे झाले. पोहे संपेपर्यंत जालिंदर मामांनी आपल्या नव्या बंगल्यातल्या स्वैपाकाच्या ओट्याचा तीनदा उल्लेख केला. लाल ग्रॅनाइट, कर्नाटकातनं ट्रकनं आणलेला, एका तुकड्यातला, जोड नाही. “हात फिरवला तर आरसा,” असं ते म्हणत आणि हवेत हात फिरवून दाखवत.

सुगत खाली मान घालून बसला होता, पण दर दोन मिनिटांनी आतल्या दाराकडं बघत होता. धुरपदाआजी भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू येत नाही असं सगळ्यांनी धरलेलं. मी धरलं नाही. भागुबाई आत पुटपुटली, “बाई गं, साखर कमी पडली का चहात,” तेव्हा बाहेर ही म्हातारी म्हणाली, “चालंल.”

मी दोन कागदांत कार्बन घातला, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मामा म्हणाले, “पोपटराव, यादी व्हईल. आधी एक इचारायचं व्हतं. दौंडात असं कानावर आलं की तुमची मुलगी बाँबची राख पुरती. सोताच्या हातानं.”

पोपटचं तोंड उघडं राहिलं. मोठ्या पेचात माणूस सापडला होता. खोटं म्हणावं, तर दोन तालुक्यांतला मान गेला. खरं म्हणावं, तर जावई गेला.

“म्हंजी...” पोपट म्हणाला, “तसं न्हाई म्हन्जे... ती आपली पाणी बघती. बोअरचं.”

“कशाजवळच्या बोअरचं?”

“जिमिनीतल्या.”

“बोअर जिमिनीतच असत्यात, पोपटराव. तिथं पुरलंय काय?”

पोपटनं माझ्याकडं बघितलं. मी कार्बन सरळ केला. चार पायऱ्या तो एकटा चढला होता, उतरायचंही एकट्यानंच होतं.

मामा मागं रेलले. “वाईट वाटून घ्यू नका. पोरगी हुशार हाय, घर चांगलं हाय. पर आम्हाला वंश बघायचा हाय. उद्या लेकरू वाकडंतिकडं झालं तर? तवा आमचं म्हणनं एवढंच, मुलीनं राजीनामा द्यावा. आमच्या दौंडात शाळा हायेत, बँका हायेत, मी शब्द टाकतो. राजीनामा दिला की आजच सह्या.”

पोपट म्हणाला, “बगू की... काय अडचण न्हाई...”

“अडचण हाय,” आतून आवाज आला, आणि नकुशी बाहेर आली. चहाचा ट्रे वगैरे काही नव्हता. ती बापाच्या शेजारी सतरंजीवर बसली. “मामा, मला इचारा. आण्णांना त्यातलं आकडेवारीनं माहीत न्हाई.”

हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं, की पोपटला ते लागलंच नाही.

मामांनी घसा साफ केला. “मग पोरी, खरं सांग. पुरलेल्या कचऱ्याजवळ तू जातीस का न्हाई?”

“जाते. आठवड्यातनं तीनदा.”

पोपट खोकला.

“आन् तो कचरा जहरी हाय का न्हाई?”

“हाय.”

पोपट परत खोकला.

“मग संपलं की!” मामांनी मांडीवर थाप मारली.

“संपलं कसं? किती जहरी, कशापेक्षा जहरी, कुठवर जहरी, हे तुम्ही इचारलंच न्हाई. मिरची तिखट हाय एवढ्यावर कोणी बाजार करतं का?”

आतल्या बायकांत खसखस पिकली. मामा म्हणाले, “बरं. कशापेक्षा?”

“ज्या युरेनियमपासनं हे सगळं निघतं, ते बी जमिनीतच असतं. बिहारच्या डोंगरात हाय, दुनियेत ठिकठिकाणी हाय. माणूस जन्माला यायच्या आधीपासनं पुरलेलं. तर आपण पुरलेलं आन् आधीपासनं पुरलेलं, या दोघांची तुलना करायला पाहिजे.”

“ती तुलना व्हत न्हाई. ते निसर्गाचं. निसर्गानं ठेवलेलं जागच्या जागी ऱ्हातं. माणसानं पुरलेलं कवा ना कवा वर येतं.”

“मामा, नाग बी निसर्गाचाच.”

सुगतनं चेहऱ्यावरनं हात फिरवला. हसू पुसत होता.

“सांगते,” नकुशी म्हणाली. “कडब्याची पेंढी पेटवली तर काय व्हतं? जाळ भडकतो, जवळ उभं ऱ्हाववत न्हाई, पर घटकेत राख. आन् गोवरी? धग मंद. हात शेकावा इतकी. पर राखेखाली सकाळपर्यंत जित्ती. आमच्या हौदातला कचरा कडब्यासारखा. आज लई जहाल. युरेनियमपेक्षा किती तरी पट, मी लपवत न्हाई. पर तीस वर्षांनी त्यातला मुख्य माल निम्मा उरतो. साठ वर्षांनी पाव. तीनशे वर्षांनी हजारातला एक. आन् डोंगरातलं युरेनियम गोवरीसारखं. मंद, पर त्याला निम्मं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागत्यात. पृथ्वीचं वय तेवढं.”

कोटींचा आकडा ऐकून बैठकीतली सगळी माणसं जरा सावरून बसली. पोपट तर असा ताठ झाला, जणू ती वर्षं त्यानंच मोजून दिली होती.

“सगळाच कचरा तीनशे वर्षांत थंड व्हतो का?” हे सुगतनं विचारलं. तो बैठकीत पहिल्यांदाच बोलला. चहाच्या दीड तासात हे विचारायचं राहून गेलेलं दिसलं.

“न्हाई,” ती त्याच्याकडं बघून म्हणाली. “एक प्रकार लई जहाल असतो. तो काचेत ओतून पोलादी डब्यात वेगळा ठेवत्यात. तो अजून खोल पुरलेला न्हाई. त्याला मूळच्या खनिजाइतकं मंद व्हायला काही हजार वर्षं लागत्याल. ते काम माझ्याकडं न्हाई, पर इचारलंस म्हणून सांगितलं.”

‘इचारलंस’ हा एकेरी शब्द सगळ्यांनी ऐकला आणि कोणीच ऐकल्याचं दाखवलं नाही.

“काही हजार वर्षं!” मामांनी तो धागा पकडला. “आन् तवर हौद फुटला तर?”

“फुटू शकतो. म्हणून तर भवती बोअर हायेत. म्हणून तर मी हाय. पाण्यात काय उतरलं तर पहिल्यांदा माझ्या वहीत दिसंल. युरेनियमच्या डोंगराला हौद न्हाई, झाकण न्हाई. पावसाचं पाणी त्याच्यातनं झिरपतं, इहिरीत उतरतं. त्याच्या पोटातनं एक वायू निघतो, त्याला रंग न्हाई, वास न्हाई. असे कितीतरी डोंगर असतील जिथं कोणी वही ठेवलेली न्हाई. तुम्ही म्हणता जागच्या जागी ऱ्हातं. काही ठिकाणी ऱ्हातं बी. आफ्रिकेत एक खाण हाय. दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथल्या युरेनियमनं आपसूक भट्टी धरली, लाखो वर्षं धुमसली. कारखान्यात व्हतो तसलाच कचरा तिथं झाला. ना सिमेंट, ना पहारा. तरी त्यातला लई जड माल व्हता तिथनं चार हातांवर सापडला. काही वाहून गेला. दोन्ही सांगते.”

“तू बघायला गेलीवतीस?”

“पुस्तकात बघितलं. तुम्हाला बी देते, मामा. चित्रं हायेत.”

इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण पोरगी पोपटची. अंगात थोडी खोडी आहेच. ती म्हणाली, “आन् एवढं लांब कशाला? आपल्याकडचा काळा दगड तसा निर्मळ हाय, पर लाल ग्रॅनाइटमदी युरेनियम त्याच्यापेक्षा जास्त असतं. तुमच्या ओट्यात असंल की चिमूटभर.”

मामांचा हात, जो हवेत ओटा पुसायला उचललेला असायचा, तो गुडघ्यावर आला.

“माझ्या ओट्यात?”

“घाबरायचं काम न्हाई. खिडकी उघडी ठिवत जावा, झालं. भाकरीला काय व्हत न्हाई.”

बायका मोठ्यानं हसल्या. हसण्यानंच घात केला. माणसाला ‘तुझं चुकतं’ म्हटलेलं चालतं, पण त्याच्या एका तुकड्यातल्या, जोड नसलेल्या वस्तूला हसलेलं चालत नाही. मामा ताठ झाले.

“बास झाली शाळा,” ते म्हणाले. “मला कोटी कळत न्हाईत आन् आफ्रिका कळत न्हाई. सरळ सांगतो. राजीनामा नको तर नको. पर यादीत एक ओळ लिहा. ‘मुलीच्या कामात काही धोका नाही.’ खाली मुलीची सही. उद्या काय झालं तर आमच्याकडं कागद असंल. लिहा मास्तर.”

मला सगळे मास्तर म्हणतात, पोस्टामुळं. मी पेन टेकवलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. पाच शब्द, एक सही, आणि विषय मिटणार होता. कागदावर यापेक्षा मोठी खोटी वाक्यं लोक रोज लिहितात आणि सुखानं नांदतात.

पोपट तर पुढंच सरकला. “लिव्हा, लिव्हा मास्तर! काय धोका न्हाईच. नकुशे, दे सही.”

“मी न्हाई देणार,” ती म्हणाली.

“अगं, एक ओळ!”

“आण्णा, मी तीन वर्षांत एकदाबी शून्य लिहिलं न्हाई.”

कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. तिनं सांगितलं. तिच्या वहीत शून्य लिहायला मनाई आहे. पाण्यात काही सापडलं नाही, तरी ‘नाही’ लिहायचं नाही. लिहायचं असं, की आमचं यंत्र या आकड्याच्या खालचं बघू शकत नाही, आणि त्याच्या वर काही दिसलं नाही. यंत्राला दिसलं नाही म्हणजे तिथं नाही, असं म्हणायचा हक्क कोणालाच नाही. साहेबालाही नाही.

“धोका किती हाय ते मी लिहून देते,” ती म्हणाली. “वर्षाला किती अंगात जाऊ शकतं त्याची मर्यादा ठरलेली हाय. माझा आकडा तिच्या लई खाली हाय, महिन्यांचे आकडे तारखेसकट देते. आमच्यातल्या बायांना मुलं झालीत, ती शाळेत जात्यात, ते बी सांगते. लेकरू व्हायचं असलं की आधी कळवायचं, मग त्या बाईला त्या कामावरनं बाजूला ठेवत्यात, तो नियम हाय. पर ‘काही धोका नाही’ हे मी लिहिणार न्हाई. ते खरं न्हाई.”

“मग लगीन बी न्हाई,” मामा म्हणाले. ते उठले आणि चप्पल शोधू लागले. त्यांच्या बाजूची दोन माणसंही उठली. आत कोणाच्या तरी हातनं भांडं पडलं. पोपटनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सुगत उठला नाही. तो नकुशीकडं बघत बसून राहिला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान खाली गेली नव्हती. त्या क्षणी मला त्या पोरीचा अभिमानही वाटला आणि रागही आला. पाच शब्द होते नुसते.

“जालिंदर, बस खाली,” धुरपदाआजी म्हणाली.

चप्पल एका पायात गेलेली, तसे मामा थांबले.

“पोरी, तू वायू म्हणलीस मगाशी,” आजी म्हणाली. “रंग न्हाई, वास न्हाई. तसलाच एक मला ठाव हाय.”

“कोणता, आज्जी?”

“पेवातला.”

पेव आता कोणी ठेवत नाही. जुन्या काळी जमिनीत खोल, रांजणासारखा खड्डा घ्यायचे, आत जोंधळा भरायचे, तोंड मातीनं लिंपून टाकायचे. दुष्काळात उघडायचे. बंद धान्याच्या कोंडीनं आत वायू धरायचा.

“पेव उघडलं की दिसभर तोंड मोकळं ठिवायचं,” आजी सांगू लागली. “मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत ऱ्हायला तर मानूस उतरायचा. इझला तर न्हाई. आन् उतरायचा कोन? आपलाच मानूस. धान्य त्यांचं, खड्डा त्यांचा, उतरनारा आपला. माझा बाप खंडू. माझ्या माह्यारी, मी आठ वर्षांची आसंन. मालक म्हनला, कंदील कशाला, रॉकेल कशाला जाळायचं. ‘काय धोका न्हाई, उतर.’ तसंच म्हनला. ‘काय धोका न्हाई.’”

आजीनं पदरानं तोंड पुसलं.

“त्यो वर आला न्हाई. दोरीनं काढला. मालक वाईट व्हता का? न्हाई. त्याला खरंच वाटत व्हतं. पर उतरायचं त्याला नव्हतं.” ती नकुशीकडं वळली. “मला एवढंच सांग. तुझ्यात आधी कोन उतरतं? मानूस का कंदील?”

“कंदील, आज्जी,” नकुशी म्हणाली. “आधी यंत्र आत जातं. त्याचा आकडा बघून, लिहून, सही झाल्याबिगर कोणाला सोडत न्हाईत. आन् आत गेल्यावर बी प्रत्येकाच्या छातीला बिल्ला असतो. कोणाच्या अंगात किती गेलं ते त्याच्यावर उतरतं. मुकादम असो का साहेब, बिल्ला सगळ्यांना.”

“सायबाला बी?”

“सायबाला बी.”

“आन् कंदील इझला, असं सांगायचं कुनाकडं?”

“माझ्या जागेपुरतं माझ्याकडं. मी लिहिलं की काम थांबतं.”

आजीच्या बापाच्या वेळी ‘थांब’ म्हणायला तिच्या जातीत, तिच्या गावात, कोणाची प्राज्ञा नव्हती. आणि इथं न्हावऱ्याच्या पाणीवाल्याची पोर ‘थांब’ लिहिते आणि सरकारचं काम थांबतं. बाँबची राख पुरण्यात काय मोठेपणा आहे? मोठेपणा हा आहे. मला तो म्हातारीनं दाखवावा लागला.

“जालिंदर,” आजी म्हणाली, “ही सही देत असती ना, तर मी उठले असते. ‘काय धोका न्हाई’ म्हननारं मानूस मला घरात नको. हिला राजीनामा मागायचा न्हाई.”

“पर आत्या, वंश...”

“वंशाचं मी बघते. माझा वंश बिगर कंदिलाच्या पेवातनं वाचलाय.”

सुगत म्हणाला, “मामा, आमच्या खात्यात बी असंच असतं. सिग्नलची तार तुटली, काय कळंना, तर दिवा लाल पडतो. खात्री नसंल तर हिरवा दाखवायचा न्हाई, असंच ते यंत्र बांधलंय. ही तेच करती. मी मुंबई डिव्हिजनला बदलीचा अर्ज टाकतो.” मग जरा थांबून, “म्हंजी, टाकलाय.”

“कवा?” मामांनी विचारलं.

“पुण्याहून आल्यावर.”

आता हसायची पाळी मामांची होती, पण त्यांनी ती पुढं ढकलली. एका पायातली चप्पल काढली, परत येऊन बसले, आणि मोठेपणानं म्हणाले, “मी काय, पोराच्या भल्यासाठीच बोलत व्हतो. लिहा मास्तर.” मग हळूच नकुशीकडं वाकून, “खिडकी एक उघडी ठिवली तर पुरंल ना? का दोन?”

“एक पुरंल, मामा.”

मी लिहायला घेतलं. मांडव कोणी घालायचा, जेवण कोणाकडं, विहारात विधी किती वाजता, सगळं नेहमीचं. पण पहिली ओळ आजीनं सांगितली आणि मी ती जशीच्या तशी घेतली. ‘मुलगी नोकरी सोडणार नाही.’ सत्तावीस वर्षांत कितीतरी याद्या लिहिल्या, मुलीचा उल्लेख कोणत्याही यादीत पहिल्या ओळीत आलेला मला आठवत नाही. तोही अशा वाक्यात तर नाहीच.

सह्यांची वेळ आली. मामांनी झोकदार सही केली. पोपटनं केली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तो काही वाढवून बोलला नाही. डोळे पुसत नुसता बसला. आजीपुढं मी सवयीनं शाईचं पॅड सरकवलं. तिनं ते परत माझ्याकडं सरकवलं. साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती. ‘धुरपदा’ लिहायला तिनं पेन धरलं आणि ‘धु’चा उकार सावकाश खाली ओढला. सगळी तिच्या बोटांकडं बघत होती. जीपचा ड्रायव्हर घाई करायला दारात आला, तोही बघत उभा राहिला.

‘दा’चा काना झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं नाही. “पोरीची सही कुठाय?”

“मुलीची नसते, आज्जी,” मी म्हणालो. “दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची असते. रीत हाय.”

“पयली ओळ तिची हाय ना? मग सही बी तिची.”

नकुशी पुढं आली. कागद तिनं आधी पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत वाचला, मग कार्बनखालची प्रतही वाचली, कुठं फरक नाही ना बघितलं. सही केली. खाली तारीख घातली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “मास्तर, किती वाजले?”

“चार वाजून दहा मिनिटं.”

तिनं तेही लिहिलं.